बांधीतले नाटक आणि हातातला मोबाईल

धान कापून झाले, पुंजणे रचून झाले, दिवाळीच्या फराळाचे डबे निम्मे रिकामे झाले, की झाडीपट्टीतल्या माणसांचा एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो : "यंदा तुमच्या गावी नाटक कोन्तं हाय जी?" चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या अंगाने आष्टीकडे जा, नाही तर जंगलाच्या अंगाने घोटकडे जा, हा प्रश्न कानावर येतोच. बाहेरगावच्या पाहुण्याला याचे नवल वाटते. घराघरावर ताटलीसारखी डिश बसलेली आहे, पोरासोरांच्या हातात मोबाईल आहे, त्यात जगातले सगळे सिनेमे आणि सगळी गाणी आहेत. मग पौषाच्या थंडीत, अंगावर घोंगडी किंवा चादर घेऊन, उघड्या बांधीत पहाटेपर्यंत बसून ही माणसे पाहतात तरी काय?

नवल वाटण्यासारखेच आहे ते. कारण हीच माणसे दिवसा पानठेल्यावर उभी राहून "मोबाईलनं लेकरं बिघडली" म्हणून हळहळतात, आणि संध्याकाळी "टावर नाही" म्हणून बांधावर चढून हात उंच करतात. या दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि थोडे नुसते सवयीचे. त्यातले खरे किती, हे एकदा नीट पाहायला हवे. घरात हजारांनी पैसे देऊन आणलेली वस्तू आहे, आणि ती आता निजायच्या खाटेपर्यंत पोचली आहे.

आधी आला रेडिओ

नवे यंत्र आले की आपण आधी त्याला नावे ठेवतो, मग ते विकत घेतो, आणि त्याच्यानंतरचे यंत्र आले की पहिल्याची आठवण काढून डोळे पुसतो. हा क्रम साठ-सत्तर वर्षे काही बदललेला नाही.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, विविध भारती १९५७ साली. त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा नव्हता. चामोर्शीही चांदा जिल्ह्यातच मोडत असे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. रेडिओ खेड्यात खरा पोचला तो ट्रान्झिस्टर आल्यावर. आधीचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचे असत, त्यांना वीज फार लागे आणि गावात वीजच नव्हती. ट्रान्झिस्टर सेलवर चालू लागला, खांद्याला अडकवून बांधीवर नेता येऊ लागला. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एक-दोन दिवस आवाज निघे. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि दर वर्षी पैसे भरून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. हा परवाना १९८० च्या दशकात बंद झाला. आजच्या पोरांना हे सांगितले तर म्हातारा थट्टा करतो आहे असे त्यांना वाटते.

रात्री रेडिओला दूरदूरची केंद्रे लागत, दिवसा लागत नसत. पुष्कळांना हे रात्रीच्या शांततेमुळे होते असे वाटे. खरे कारण वेगळे आहे. वातावरणाच्या फार वरच्या भागात विजेने भारलेले थर आहेत. त्यातला खालचा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो कोसांवर परत जमिनीकडे येतात. म्हणून जेवणे आटोपल्यावर सपरीत बसलेल्या माणसाला कुठले तरी अनोळखी भाषेतले गाणे ऐकू येई.

त्या काळी वडीलधारी माणसे म्हणत, "ह्या डब्यातला मानूस बोलते लय, पर आपलं काई आयकत नाही." बोलणे गमतीचे असले तरी त्यात अगदी वर्मावर बोट होते. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने याच दुखण्यावर एक उपाय करून पाहिला. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे केली. मंडळाने एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपसात बोलायचे, आणि आपले प्रश्न व मते केंद्राकडे कळवायची. आपण एखादे यंत्र नुसते ऐकतो की त्याच्यापुढे बसून काही ठरवतो, हा फरक त्या वेळच्या माणसांनी ओळखला होता.

मग दूरचित्रवाणी आली. मुंबईला ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली, पण आपल्यासारख्या भागाकडे वळायला तिला आणखी दहा-बारा वर्षे लागली. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घराच्या अंगणात आख्खी गल्ली जमू लागली. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. अँटेना फिरवायला एक पोरगा छपरावर. "आलं का?" "आलं… गेलं… थांब, हलू नको!" त्याच सुमारास भाड्याचा व्हिडिओ गावात फिरू लागला, एका रात्रीत तीन-तीन सिनेमे. तेव्हाही जाणती माणसे म्हणाली की आता नाटक मेले.

नाटक मेले नाही. त्याचे कारण पुढे पाहू. आधी एक गोष्ट मोकळेपणी कबूल करायला हवी. "पूर्वी सगळी गल्ली एकत्र बसून टीव्ही पाहायची, किती जिव्हाळा होता" असे आपण म्हणतो. जिव्हाळा होता, नाही असे नाही. पण एकत्र बसायचे मोठे कारण हे होते की गल्लीत टीव्हीच एक होता. दुसऱ्याकडे पैसे आले तसा त्याने आपला टीव्ही घेतला आणि तो आपल्या घरात बसला. ज्यांच्या अंगणात आपण बसायचो, त्यांच्या घरची बाई चहाच्या भांड्यांनी आणि चपलांच्या ढिगाने किती कावत होती, हेही आठवून पाहावे. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने तेच 'रामायण' पुन्हा दाखवले, तेव्हा लोकांनी ते आपापल्या घरात बसून पाहिले. टाळेबंदी नसती तरी तसेच पाहिले असते.

तेव्हा जुन्या यंत्रांनी माणसे जोडली आणि नव्याने तोडली, हे म्हणणे अर्धेच खरे. जुनी यंत्रे महाग होती, म्हणून ती सगळ्यांची झाली. नवे यंत्र स्वस्त झाले, तसे ते एकेकाचे झाले.

मग नाटक का टिकले?

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. इथली रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि होळीच्या सुमारास झोपी जाते. देसाईगंज म्हणजे आपले वडसा हे तिचे मुख्य ठिकाण. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत, आणि गावोगावची मंडळे तिथे जाऊन तारखा ठरवतात. धान कापलेल्या रिकाम्या बांधीत मंडप उभा राहतो. नाटक रात्री दहा-अकराच्या पुढे सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. पडद्याआडून संवाद पुरवणारा असतो, कारण नटाला आज या गावी एक आणि उद्या त्या गावी दुसरेच नाटक करायचे असते. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या पुष्कळ लोकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल.

हे सगळे मोबाईलपुढे टिकायला नको होते. पण या रंगभूमीची कसोटी कालने दोनदा घेतली. पहिली पटाच्या वेळी. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी इथली जोडी. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, आणि त्यांना पुन्हा परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. मधली वर्षे दिवसाचे आकर्षण गेले, तरी रात्रीची नाटके होत राहिली. दुसरी कसोटी करोनाची. मार्च २०२० नंतर मंडप बंद पडले, कलावंतांच्या चुली थंडावल्या. त्या दिवसांत मोबाईलला मोकळे रान होते. स्वस्त इंटरनेट तर सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासूनच हाती होते. माणसाला नुसता वेळच घालवायचा असता, तर नाटकाची सवय त्याच काळात कायमची तुटायची. बंदी उठली आणि माणसे पुन्हा बांधीत येऊन बसली.

याचे कारण, नाटक पाहणे हे त्या रात्रीतले एकच काम आहे. नाटक ठरले की सासरी गेलेल्या लेकीला निरोप जातो. जावई येतो, त्याच्यासाठी कोंबडे कापले जाते. व्याही येतात. मंडपाबाहेर चहा-भज्यांची दुकाने लागतात. पोरगी पाहायची असेल तर या गर्दीत सहज पाहून होते आणि कोणाला अवघड वाटत नाही. कितीतरी सोयरिकी नाटकाच्या पाहुणचारातून जुळतात. गावचे मंडळ तिकिटे विकते, हिशेब करते, त्यावर भांडते, आणि काही उरले तर त्यातून देवळाचे किंवा शाळेचे काम निघते. चार अंकांत कथा कुठवर गेली हे सकाळी धड सांगता न येणारी माणसेही "नाटक बेस झालं" म्हणतात. ती काही खोटे बोलत नाहीत.

मोबाईलने नाटकात काही बदल जरूर केले. भिंतीवर चिकटवायचे रंगीत पत्रक आता व्हॉट्सॲपवर आधी येते. कोणत्या गावी कोणते नाटक, याच्या याद्या पोरे एकमेकांना धाडतात. विनोदी प्रवेश चालू झाला की पन्नास हात वर होतात आणि प्रत्येक हातात चित्रण करणारा एक उजेड असतो. उद्या तोच विनोद यूट्यूबवर पाहिलेला प्रेक्षक पुढच्या गावी हसेल की नाही, याची काळजी नटाला असणारच. रडका प्रवेश लांबला तर मागच्या रांगेतले चेहरे खालून निळे दिसू लागतात. पूर्वी अशा वेळी माणसे विडी ओढायला उठून जात. आमच्या मते उठून जाणारा परवडला. तो निदान परत येताना पुढे काय झाले ते शेजाऱ्याला विचारत असे.

म्हणजे वर्षातली ती एक रात्र मोबाईलने खाल्लेली नाही. ती खाल्ली जाईल अशी भीती आम्हांला फारशी वाटत नाही. घास पडतो आहे तो उरलेल्या दिवसांच्या साध्या संध्याकाळीवर. त्या संध्याकाळीला मंडप नसतो, पत्रक नसते, पाहुणे नसतात, म्हणून ती गेली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवेलागणीपासून निजेपर्यंतचे दीड-दोन तास, चुलीपाशी आणि सपरीत, ज्यात उद्या कोणाच्या बांधीत जायचे, सोसायटीचे किती देणे राहिले, पोरीच्या शाळेत काय झाले, हे बोलणे होत असे. आता त्याच सपरीत चार माणसे चार बाजूंना वाकलेली दिसतात. कोणी कोणाशी भांडलेले नसते, आणि तरी बोलणे बंद असते.

कामाचा मोबाईल, रिकामा मोबाईल

मोबाईलला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. शेतकऱ्याने त्याची परीक्षा नेहमी कामावरून केली आहे. २००३ साली नोकियाचा ११०० हा साधा फोन निघाला. जगभर त्याचे पंचवीस कोटींहून जास्त नग खपले. आपल्याकडे तो आवडला तो डोक्यावरच्या बॅटरीसाठी. रात्री पाणी द्यायला जाताना एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तो. बांधावर साप आहे की दोर, हे त्याच्या उजेडात दिसे. चिखलात पडला तरी पुसून पुन्हा बोलता येई. पाच-पाच दिवस चार्जिंग लागत नसे. नव्या मोठ्या फोनमध्ये शंभर गुण असतील, पण रात्री रोवणीच्या बांधीत हातातून निसटला की सहा महिन्यांची बचत गेली.

नव्या फोनवाचून मात्र आता भागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र आपणच चढवायचे. आधारभूत किमतीने धान विकायचे तर नोंदणी ऑनलाइन. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेही मोबाईलच्या ॲपवर. जंगलकाठच्या गावांत एखाद्या गुराख्याला वाघ दिसला, तर दुसऱ्या मिनिटाला ती खबर सगळ्या गावाला पोचते. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून हत्ती कुठल्या शिवारात आहे हे विचारायलाही फोनच लागतो. एवढी कामे एका वस्तूने होत असतील तर तिला घरातून घालवून कसे चालेल?

मात्र एक पाहावे. घरात एकच मोठा फोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की स्वतः वापरता येईल असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. २०१५-१६ मध्ये देशातल्या सुमारे ४६ टक्के स्त्रियांनी हो म्हटले, २०१९-२१ मध्ये सुमारे ५४ टक्क्यांनी. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तेव्हाही तो नव्हता. अर्ज बाईच्या नावाचा, खाते बाईचे, आणि ओटीपीचा आकडा जातो तो घरधन्याच्या फोनवर, जो त्या वेळी चामोर्शीच्या बाजारात असतो. मग सून सासऱ्याला म्हणते, "मामाजी, ह्यायले जरा फोन लावून इचारा जी, आकडा आला का म्हनून." तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली असते. बायका मोबाईलवर वेळ घालवतात, ही तक्रार आमच्या कानावर बरेचदा येते. तक्रार करणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय असते, तेही एकदा पाहावे.

खबर आणि अफवा एकाच वाटेने येतात, हे दुसरे दुखणे. दुसऱ्याच राज्यातल्या वाघाचे जुने चित्रण "आत्ता आपल्या शिवारात" म्हणून फिरते आणि गाव चार दिवस तेंदू तोडायला जात नाही. एवढ्यावर भागले तर ठीक. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, पोट भरायला फिरत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच जणांनी प्रत्येकी पाच जणांना धाडला तरी गाव पेटायला पुरतो. जो संदेश "ताबडतोब पुढे पाठवा" म्हणतो, तो आपल्या ओळखीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला आहे का, एवढे विचारल्याशिवाय पुढे धाडू नये. वनरक्षकाचा किंवा पोलीस पाटलाचा नंबर त्याच फोनमध्ये असतो.

तिसरे दुखणे पैशाचे. पत्ते पिंपळाखाली खेळत, तेव्हा हरणारा गावाला दिसत असे. बायको येऊन हात धरून उठवत असे. मोबाईलवरच्या रमीत हरणारा घोंगडीखाली असतो, आणि घरच्यांना कळते ते धानाचे चुकारे खात्यात दिसत नाहीत तेव्हा. मोठमोठे नट आणि खेळाडू या खेळांच्या जाहिराती करत होते, त्यामुळे तरण्या पोरांना यात काही गैर वाटले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ नशिबाचा म्हणा की हुशारीचा. तरीही चोरवाटा निघतात. कोणाचे पैसे फसवणुकीने गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम मध्येच अडवता येण्याची आशा असते. "लोक काय म्हनतीन" या विचारात दोन दिवस गेले की ती आशा संपते.

गावाने ठरवले तर

लेकरांची गोष्ट राहिली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा ज्यांनी शेळी विकून फोन घेतला, त्यांना आज पोरगा तो सोडत नाही म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. शाळेसाठी दिला आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावर काढून घेतला नाही, एवढेच झाले. अगदी लहान मुलांविषयी मात्र कोणी मनात शंका ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको. त्याहून कमी तितके बरे. निंदणाला गेलेली आई लेकरू सांभाळायला आजीपाशी ठेवते, आजी थकलेली, मग मोबाईल हाच पाळणा होतो. आजीला रागावून ते सुटणार नाही. अंगणवाडीची वेळ आणि शेतावरच्या कामाची वेळ जुळली, तर काही प्रमाणात सुटेल.

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी यावर दोन वेगळ्या वाटा काढल्या. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेगळे ठरवले. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनीही आपला फोन बाजूला ठेवायचा. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की मोकळीक.

आम्हांला यातली दुसरी वाट जास्त पटते. बान्सीच्या ठरावात त्रास मुलाला, आणि बाप ओसरीवर फोन पाहायला मोकळा. अशा बापाचे पोर किती दिवस ऐकेल? वडगावच्या नियमात सरपंचापासून पोरापर्यंत सगळ्यांनाच दीड तास हात मोकळे ठेवावे लागतात. शिवाय भोंगा गावाचा असल्यामुळे घरातल्या बाईला "आता ठेवा तो फोन" हे वाईट तोंडाने म्हणावे लागत नाही. नाटकाच्या रात्री जसे सगळे गाव एकाच वेळी मंडपात जाते, म्हणून मागे राहिल्यासारखे कोणालाच वाटत नाही, तसेच काहीसे हे आहे.

आपल्याकडे हे करायचे तर वेळ मात्र आपल्या कामाप्रमाणे धरावी लागेल. सात वाजता भोंगा वाजवून झाडीपट्टीत भागणार नाही. कार्तिक-मार्गशीर्षात मळणीचे यंत्र आपल्या खळ्यावर कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि ते रात्री आठपर्यंत धडधडत राहते. मळणीवाल्याला बोलवायलाही फोनच हवा. मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत बायका पहाटे तीन-चारला उठून जंगलात जातात, त्यांना लवकर निजावे लागते. रोवणीत तर भोंग्याची गरजच पडत नाही. दिवसभर चिखलात वाकलेले माणूस आठ वाजता भात खाऊन आडवे होते, आणि फोन उशाशी वाजत राहिला तरी त्याला जाग येत नाही. उरतात ते पौष-माघाचे मोकळे दिवस आणि पावसाळ्याआधीचा वैशाख. त्या दिवसांसाठी साडेसात ते नऊ ही वेळ बरी दिसते. ग्रामसभेत ती ठरवताना बचत गटाच्या बायकांना पुढे बसवावे, आणि ज्या रात्री गावात नाटक असेल, त्या रात्री भोंगा वाजवू नये.